दगड की वस्ती?

आमच्या घरातील काचेच्या कपाटात, काशीहून आणलेला गंगाजलाचा सीलबंद गडू आणि पितळी नंदी यांच्या मधोमध, एक पांढरी फांदी कित्येक वर्षे बसून होती. आमच्या आजीने रामेश्वराच्या यात्रेत ती विकत घेतली होती. दरसाल दिवाळीच्या साफसफाईत तिच्यावरील धूळ झाडली जावयाची, "जपून रे, मोडेल!" असा आजीचा इशारा व्हावयाचा, आणि फांदी पुन्हा आपल्या जागी जाऊन बसावयाची. ती वस्तू आहे तरी काय, हा प्रश्न घरात कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. अखेर तो आमच्या नऊ वर्षांच्या पुतणीने विचारला. "काका, हे झाड आहे की दगड?" शिकलेल्या माणसास साजेशा गांभीर्याने आम्ही म्हणालो, "दगड." स्वयंपाकघरातून आत्याबाईंनी परस्पर निकाल दिला, "झाड आहे ते, समुद्रातले."

दोन्ही उत्तरे चुकीची होती. हे आम्हांस पुढे अंदमानच्या समुद्रात, आणि तेही थोडी मानहानी झाल्यावर, कळले. ती हकीकत, आणि तिच्या निमित्ताने प्रवाळांविषयी जे काही शिकलो ते, वाचकांपुढे ठेवीत आहोत. अलीकडे आपल्यापैकी कित्येक कुटुंबे अंदमानास, लक्षद्वीपास किंवा आपल्या मालवणास जातात, पाण्यात तोंड घालून तळ पाहतात, आणि "फार सुंदर होते हो!" एवढेच सांगत परत येतात. काय सुंदर होते, हेही सांगता यावे, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

आमचा अपराध

अंदमानास जाणाऱ्या बहुतेक मराठी मंडळींप्रमाणे आम्हीही प्रथम सेल्युलर जेलचे दर्शन घेतले. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत उभारलेल्या त्या वास्तूतून बाहेर पडताना लहान मुलेसुद्धा गप्प होती. दुसऱ्या दिवशी बोटीने शहीद द्वीपास गेलो. २०१८ पर्यंत या बेटास नील म्हणत. तेथील भरतपूरचा किनारा उथळ असून तेथून थोड्याच अंतरावर प्रवाळांच्या रांगा लागतात.

पाण्याखाली पाहण्याचे साधन अगदी साधे आहे. डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा, आणि एक टोक तोंडात व दुसरे पाण्याबाहेर राहील अशी वाकडी नळी. हिलाच स्नॉर्कल म्हणतात. अंगात तरंगते जाकीट असते, वाटाड्या बरोबर असतो. त्यामुळे पोहता न येणाऱ्यासही पालथे तरंगून खाली पाहता येते. मात्र तोंडानेच श्वास घ्यावयाचा, ही गोष्ट जन्मभर नाकाने प्राणायाम केलेल्या माणसास पटकन साधत नाही. आमच्या नळीत पाणी शिरले, जीव घाबरला, आणि जवळच दिसलेल्या एका मोठ्या गोल खडकावर आम्ही दोन्ही पाय घट्ट रोवून उभे राहिलो. पाणी छातीपर्यंत आले, हायसे वाटले.

इतक्यात आमचा वाटाड्या, वीसबावीस वर्षांचा एक बंगाली तरुण, जवळजवळ ओरडतच आला. "दादा, उतरा! दगड नाही तो, जिवंत आहे!" आम्ही उतरलो. त्याने आमचा हात धरून आम्हांस तरंगत ठेवले आणि त्या गोलाकडे निरखून पाहावयास लाविले. अनारशावर खसखस पेरावी तशी त्याची पाठ बारीक बारीक ठिपक्यांनी भरलेली होती, आणि प्रत्येक ठिपका एक एक जीव होता. आमच्या टाचांनी त्या पाठीवर दोन ओरखडे उमटविले होते.

पुस्तकास पाय लागला तर आपल्याकडे मूलसुद्धा हात जोडते. त्या दिवशी पाण्यातच आमचे हात जुळले. पुढे चौकशी करता कळले की या जातीचा गोळा वर्षास साधारणपणे एक सेंटीमीटर वाढतो. आम्ही ज्याच्यावर उभे होतो तो तळापासून दीड मीटर तरी उंच असेल. हिशेब सरळ आहे. आदल्या दिवशी ज्या तुरुंगाच्या भिंतीस आम्ही नमस्कार केला होता, तिची पहिली वीट बसली तेव्हा हा गोळा समुद्रात वाढतच होता.

झाड नव्हे, दगडही नव्हे

प्रवाळ हा प्राणी आहे. समुद्रफूल आणि जेलीमासा यांचा तो नातलग होय. त्याचा एकेक जीव, ज्यास पॉलिप म्हणतात, बहुधा काही मिलीमीटरांचाच असतो. मऊ नळीसारखे शरीर, वर तोंड, तोंडाभोवती शुंडकांचे कडे, एवढाच त्याचा संसार. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन तो आपल्याखाली एक कठीण वाटी बांधतो व तीत बसतो. एका जीवापासून शेजारी दुसरा फुटतो, दुसऱ्यापासून तिसरा, आणि सर्व एकमेकांशी जोडलेलेच राहतात. ज्यास आपण एक प्रवाळ म्हणतो ते हजारो जीवांचे एकत्र कुटुंब असते, आणि ज्यास आपण दगड समजतो तो त्यांनी पिढ्यान्पिढ्या बांधलेला वाडा असतो.

या कुटुंबात एक भाडेकरूही आहे. उथळ, उजेडाच्या पाण्यातील बहुतेक प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा घरमालकास देते. मोबदल्यात त्यास आसरा मिळतो. प्रवाळांचा तपकिरी, पिवळसर व हिरवट रंग बहुतांशी या भाडेकरूचाच. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आत्याबाईंच्या चुकीबद्दल त्यांस फारसा दोष देता येत नाही. युरोपातील पंडितही प्रवाळास वनस्पतीच समजत होते. सतराशे वीसच्या दशकात मार्सेय येथील झाँ आंद्रे पेसोनेल नावाच्या वैद्याने समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या प्रवाळाची तथाकथित फुले बारकाईने पाहिली. त्यांस धक्का लागला की ती आत ओढून घेत, आणि शांतता झाली की पुन्हा उमलत. ही फुले नसून प्राणी आहेत, असे त्याने पॅरिसच्या विद्वत्परिषदेस कळविले. हे मत इतके विक्षिप्त वाटले की तेथील थोर शास्त्रज्ञ रेओम्यूर याने ते मांडताना पेसोनेलची नाचक्की होऊ नये म्हणून त्याचे नावच गाळले! सुमारे पंचवीस वर्षांनी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याच्या ग्रंथाचा सारांश छापला, तोवर त्याचे म्हणणे खरे असल्याचे विद्वानांस पटू लागले होते.

आणखी एक घोटाळा येथेच दूर केलेला बरा. नवरत्नांतील लाल पोवळे, जे मंगळासाठी अंगठीत घालतात, ते या उथळ पाण्यातील प्रवाळांपैकी नव्हे. ते मुख्यत्वे भूमध्य समुद्रात, मंद उजेडाच्या खोल कपारींत वाढते व व्यापारातून आपल्याकडे येत असे. तेव्हा अंदमानात किंवा मालवणात पाण्यात उतरून कोणी लाल पोवळे शोधू नये. निराशाच पदरी पडेल.

चार प्रश्न

पाण्यावर तरंगत असताना पुस्तक उघडता येत नाही, लाट स्थिर राहू देत नाही, आणि मासे लक्ष वेधून घेतात. म्हणून ओळखीची रीत थोडक्यात व क्रमाने असावी. आम्ही स्वतःस चार प्रश्न विचारावयास शिकलो. हे जिवंत आहे की मृत? कठीण आहे की मऊ? एकंदर आकार कोणता? आणि वाट्या कशा आहेत?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रंगात व पृष्ठभागात असते. जिवंत प्रवाळाचा रंग स्वच्छ व एकसारखा असतो, वाट्यांची नक्षी रेखीव दिसते. मेलेल्यावर लवकरच शेवाळाची लव चढते आणि नक्षी बुजत जाते. दुसऱ्या प्रश्नासाठी क्षणभर थांबून पाहावे: लाटेबरोबर जे डुलते ते मऊ, जे हलत नाही ते कठीण. हात लावून खात्री करण्याचे कारण नाही. तिसरा प्रश्न दुरून सुटतो. चौथ्यासाठी थोडे जवळ जावे लागते, पण हातभर अंतर राखूनच.

नेहमी भेटणारी घराणी

फांदीसारखे जे प्रवाळ दिसतात त्यांत सर्वांत मोठे घराणे ॲक्रोपोराचे. काही सांबराच्या शिंगांसारखे पसरतात. काही चौरंगासारखे सपाट आडवे वाढतात व त्यांच्या सावलीत मासे दुपार काढतात. काहींचे आखूड बोटांचे झुबके असतात. आकार असा अनेकविध असला तरी खूण एकच. फांदीच्या बाजूंवर पुष्कळ बारीक वाट्या असतात, पण अगदी टोकावर एकच, इतरांहून मोठी, सरळ समोर तोंड केलेली वाटी असते. निरांजनात वात एकच असावी तशी ती दिसते. फांदी तेथूनच वाढते, म्हणून निरोगी ॲक्रोपोराचे टोक फिकट, कधी पांढरेही असते. ते दुखणे समजू नये. हे घराणे वेगाने वाढणारे. काही जातींच्या फांद्या वर्षात दहा सेंटीमीटर व त्याहूनही अधिक वाढतात. पण जे झपाट्याने वाढते ते नाजूकही असते. वादळ, गरम पाणी, किंवा एका पायाचा धक्का, कोणत्याही आघाताने पहिला बळी बहुधा याचाच.

फांद्या जाड, आखूड, फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या एकत्र आलेल्या असून टोकाला ती एकुलती वाटी नसेल, आणि अंगभर कारल्यासारखे उंचवटे असतील, तर तो पॉसिलोपोरा. त्याचा रंग पुष्कळदा गुलाबी किंवा बदामी असतो. फांद्यांच्या सांदीत चिमुकले खेकडे दडलेले असतात; ते आपल्या घराचे रक्षणही करतात.

गोळ्यांच्या आकारांत पहिला मान पोराइटीझचा. ज्याच्या पाठीवर आम्ही अपराध केला तो हाच. वाट्या जेमतेम मिलीमीटर-दीड मिलीमीटरच्या, म्हणून दुरून पृष्ठभाग गुळगुळीत वाटतो, जवळून खसखशीसारखा. या गोळ्यांत पुष्कळदा निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांची इवलीशी जोड-झाडे रोवलेली दिसतात. ती झाडे नव्हेत. प्रवाळात नळी करून राहणाऱ्या एका किड्याची ती पिसे आहेत. आपली सावली पडली की ती क्षणार्धात आत जातात. आमच्या पुतणीने हा खेळ इतक्या वेळा केला की त्या बिचाऱ्या किड्यांस दिवसभर जेवावयास मिळाले नसेल! शेवटी आम्हीच तिला पुढे ओढून नेले.

गोळाच आहे, पण वाट्या बोटाच्या पेराएवढ्या व लांबूनही मोजता येतील अशा आहेत, असे दिसले तर भिंतींकडे पाहावे. शेजारच्या दोन वाट्यांत एकच सामाईक भिंत असेल, तर ते फॅव्हायटीझ. प्रत्येक वाटीस स्वतःची भिंत आणि दोहोंमध्ये अरुंद बोळ असेल, तर ते डिप्सास्ट्रिया. जुन्या पुस्तकांत याच्या कित्येक जाती फॅव्हिया या नावाखाली सापडतील. मुंबईपुण्याच्या वाचकांस आम्ही एवढेच सांगू की पहिली चाळ आहे आणि दुसरी स्वतंत्र घरांची आळी. वाट्या एकमेकींत मिसळून वळणावळणाच्या लांब दऱ्या झाल्या असतील आणि सोललेल्या अक्रोडाची आठवण होत असेल, तर ते प्लॅटिजायरा. मेंदूप्रवाळ या नावाने हे व याचे आणखी काही भाऊबंद प्रसिद्ध आहेत.

वाळूवर, कोठेही न चिकटलेली, ताटलीएवढी गोल किंवा लांबट वस्तू दिसली, आणि मध्यभागातील चिरेपासून कडेपर्यंत पातळ पापुद्रे गेलेले दिसले, तर फंजियाच्या घराण्यातील कोणी तरी आहे असे समजावे. आमच्या सौभाग्यवतींनी त्यास पाहताक्षणी "मोदकाच्या कळ्या!" म्हटले, आणि याहून चांगले वर्णन आम्हांस सुचलेले नाही. हा प्राणी इतरांसारखा कुटुंबवत्सल नाही. बहुधा ती सारी ताटली एकाच जीवाची असते. लहानपणी तो देठावर चिकटलेला असतो, मोठा झाला की सुटून मोकळा राहतो. सुटा आहे म्हणून उचलावा, असा मोह येथेच सर्वांत अधिक होतो. मध्यभागी चिरेसारखे दिसते ते त्याचे तोंड आहे, एवढे आठवले की मोह आवरतो.

बहुतेक कठीण प्रवाळ दिवसा शुंडके आत घेऊन बसतात व रात्री ती पसरून भक्ष्य धरतात. गोनिओपोरा हा त्यास अपवाद. त्याचे लांब देठांचे जीव दिवसाढवळ्या फुललेले असतात, आणि लाटेबरोबर सारा गुच्छ शेवंतीच्या ताटव्यासारखा हलतो. नवखा माणूस त्यास मऊ प्रवाळ म्हणून मोकळा होतो. एकेका फुलास चोवीस शुंडके असतात. स्वच्छ पाण्यात, जीव शांत असेल तर, ती मोजताही येतात. पातळ पत्रे एकात एक वळून द्रोणासारखे किंवा कोबीच्या पानांसारखे झाले असतील आणि त्यांवर उंच कडांच्या वाट्या असतील, तर ते टर्बिनेरिया. गढूळ पाण्यातही ते तग धरते.

वेषांतर केलेली मंडळी

काही प्राणी प्रवाळांत राहतात, प्रवाळांसारखे दिसतात, पण त्यांचे कूळ निराळे. मोहरीच्या रंगाच्या, पांढऱ्या टोकांच्या फांद्या किंवा उभे पत्रे दिसले, आणि पुष्कळ शोधूनही त्यांवर वाट्या सापडल्या नाहीत, तर दूर व्हावे. तो मिलेपोरा, म्हणजे अग्निप्रवाळ. त्यास नुसते अंग घासले तरी आगीने भाजल्यासारखी वेदना होते.

आठ शुंडकांची शाखा निराळी. खऱ्या कठीण प्रवाळांची शुंडके बहुधा सहाच्या पटीत असतात. या शाखेतील जीवांस नेमकी आठ, आणि तीही पिसासारख्या कडांची. मऊ प्रवाळ सर्व या शाखेतले. त्यांतील सार्कोफायटन हे चामड्यासारखे, जाड देठावर मुरड पडलेल्या छत्रीसारखे असते व सहज ओळखू येते. परंतु याच शाखेत कठीण सांगाड्याचेही दोन सभासद आहेत. हेलिओपोरा बाहेरून करडे-तपकिरी दिसते, पण किनाऱ्यावर पडलेला त्याचा तुटका तुकडा आतून निळा निघतो. ट्युबिपोराचा सांगाडा म्हणजे गडद लाल नळ्यांची जुडी. ऑर्गन वाद्याच्या नळ्यांची कोणास आठवण व्हावी. जिवंतपणी मात्र त्या लाल नळ्या हिरवट-करड्या फुलांखाली झाकलेल्या असतात.

येथे एक सावधगिरीची सूचना. लाटांच्या माऱ्यात वाढलेला प्रवाळ आणि शांत पाण्यात वाढलेला त्याचाच सख्खा भाऊ यांच्या आकारांत इतका फरक पडतो की तज्ज्ञांसही जाती ठरविण्यासाठी सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा लागतो. तेव्हा लग्नसमारंभात आपण जे करतो तेच करावे: चेहऱ्यावरून घराणे ओळखावे, नावाचा आग्रह धरू नये.

पांढरा रंग

आता त्या भाडेकरूची गोष्ट. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून समुद्राचे पाणी केवळ एक अंश सेल्सियसने अधिक तापले आणि तसे काही आठवडे राहिले, तर प्रवाळ व शैवाल यांचा संसार बिघडतो. शैवाल बाहेर टाकले जाते. त्याबरोबर रंग जातो आणि पारदर्शक शरीरातून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यास विरंजन म्हणतात. काही वेळा तत्पूर्वी प्रवाळ भडक निळा, जांभळा किंवा पोपटी दिसतो. पाहणारे त्याची छायाचित्रे काढून हर्षभरित होतात, पण तो तापाने लाल झालेला चेहरा असतो.

विरंजन झालेला प्रवाळ लगेच मरत नाही, हे विशेष. पाणी वेळीच थंडावले तर शैवाल परत येते. न थंडावल्यास तो उपाशी मरतो, आणि त्यावर शेवाळाची लव चढते. म्हणून पहिल्याच प्रश्नात आम्ही तीन उत्तरे धरावयास शिकलो: रंगीत तो निरोगी, स्वच्छ पांढरा तो आजारी, लव चढलेला तो गेलेला. आजाऱ्यास मेलेला समजून त्याच्यावर उभे राहणे याहून दुष्टपणा कोणता?

१९९८, २०१० आणि २०१६ या साली अंदमान व लक्षद्वीप या दोन्ही ठिकाणी असे विरंजन झाले. २०२४ साली लक्षद्वीपात पुन्हा झाले. लक्षद्वीपाच्या अगत्ती, कदमत व कवरत्ती या बेटांजवळ १९९८ पासून २०२२ पर्यंत घेतलेल्या नोंदींवरून चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसले. सावरावयास जितकी वर्षे हवीत तितकी दोन आघातांच्या मध्ये मिळेनाशी झाली आहेत, हे त्याचे मुख्य कारण. समुद्र तापतो तो कोळसा व तेल जाळणाऱ्या सर्व जगाच्या धुरामुळे. त्यास एकट्या यात्रेकरूचा इलाज नाही. पण आजाऱ्याच्या अंगावर पाय न देणे, हे तर प्रत्येकाच्या हाती आहे.

आपल्या मालवणास

अंदमान दूर पडते. मालवण आपल्या घरचे. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याची पायाभरणी केली त्या सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९८७ साली तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. अंदमानचे वैभव तेथे नाही. पाणी गढूळ, पावसाळ्यात नद्यांचा गाळ, म्हणून जे कष्टाळू तेच टिकले आहेत: पोराइटीझ, फॅव्हायटीझ, टर्बिनेरिया. खडकाला बिलगलेल्या लहान लहान वसाहती, आपल्या कोकणी घरांसारख्याच साध्या व चिवट. त्यांनाही विरंजनाची झळ लागली आहे. पाहुण्यांचे पाय आणि होड्यांचे नांगर यांची भर त्यात पडू नये.

पाण्यात उतरण्यापूर्वी पाळावयाचे नियम थोडेच आहेत. उथळ, वाळूच्या जागी आधी श्वासाचा सराव करावा. घाबरगुंडी तेथेच उडून गेली म्हणजे पुढे कोणाच्या पाठीवर उभे राहण्याची वेळ येत नाही. अंगास तेले-मलमे चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घालावा. उन्हापासून बचावासाठी लावावयाच्या काही मलमांतील रसायने प्रवाळांस घातक ठरतात. भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी, आणि ओहोटी लागलेली असेल तर उथळ प्रवाळांवरून जाऊ नये. पोट खरवडेल आणि त्यांचेही नुकसान होईल. आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळांचा समावेश आहे. वाघास जे संरक्षण, तेच यांस.

घरी परतल्यावर पहिले काम आमच्या पुतणीने केले. काचेचे कपाट उघडवून ती पांढरी फांदी तिने खिडकीपाशी उजेडात धरली, आणि भिंगातून तिच्या टोकाकडे पाहिले. बाजूंस बारीक वाट्या, आणि टोकावर एकच मोठी, सरळ समोर पाहणारी. "ॲक्रोपोरा!" ती ओरडली. त्या एका वीतभर फांदीवर किती वाट्या आहेत, हे मोजावयास ती बसली. दोनशेंच्या पुढे गेल्यावर तिने नाद सोडला. तितकी घरे, आणि सर्व रिकामी.

आजीने ती फांदी भक्तिभावाने आणिली होती. तिचा त्यात दोष नव्हता. त्या काळी रामेश्वराच्या बाजारात असे तुकडे उघड विकत. मन्नारच्या आखातातून चुन्यासाठी प्रवाळांचे खडक गाड्या भरभरून काढले जात, आणि तेथील एकवीस बेटांपैकी दोन आज पाण्याखाली गेली आहेत. हा उपसा त्याचे एक मोठे कारण मानतात. फांदी आता समुद्रात नेऊन टाकण्यात अर्थ नाही. गेलेले जीव त्याने परत येणार नाहीत. म्हणून ती कपाटातच आहे. मात्र तिच्यापुढे आमच्या पुतणीने आपल्या हस्ताक्षरातील एक चिठ्ठी लावली आहे: "ॲक्रोपोरा. झाड नाही, दगड नाही, प्राणी आहे. याला घरी आणायचे नसते."

येणारे-जाणारे ती चिठ्ठी वाचतात आणि विचारतात. मग आत्याबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येतात, आणि वाट्या, भिंती, भाडेकरू सर्व काही आमच्याहून चांगले समजावून सांगतात.